अक्कलदाढ काढू की ठेवू? एकाच तोंडात चार वेगळी उत्तरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीला राहणाऱ्या आणि फोर्टातल्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या 37 वर्षांच्या एक बाई विचारतात: गेल्या वर्षभरात तीनदा खाली डावीकडे, अगदी मागे, हिरडी सुजली, तोंड उघडेना, गिळताना कानापर्यंत कळ जायची. दर वेळी पाच दिवस गोळ्या घेतल्या की शांत. शेवटी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढला. डावीकडची खालची अक्कलदाढ अर्धवट वर आलेली आणि पुढे झुकलेली, उजवीकडची खालची हाडात आडवी गाडलेली, वरच्या दोन्ही सरळ उगवलेल्या. एक डॉक्टर म्हणाले, पूर्ण भूल देऊन चारही एकदम काढून टाकू, कायमची कटकट जाईल. दुसरे म्हणाले, दुखत नाही तोवर हात लावू नका. आई म्हणते, वरच्या दाढा काढल्या की डोळे जातात. कोणाचं ऐकू?

डोळ्यांचं आधी निकालात काढू, म्हणजे आईंच्या जिवाला घोर नको. वरच्या दाढांची नस आणि दृष्टीची नस या दोन अगदी वेगळ्या नसा आहेत. पहिली म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मोठ्या नसेची फांदी. दुसरी मेंदूतून थेट बुबुळाच्या मागे येते आणि दाढ काढताना आम्ही तिच्या वाटेलाही जात नाही. मग हा समज घरोघरी कसा पोचला? माझा अंदाज साधा आहे. पूर्वी लोक दाढा काढायला यायचे ते चाळिशीच्या आसपास, आणि चाळिशी लागते तीही तेव्हाच. गेल्या महिन्यात दाढ काढली, या महिन्यात पंचांगातली अक्षरं पुसट दिसायला लागली. झालं, दाढेवर नाव गेलं.

दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं मात्र असं उडवून लावता येत नाही. दोघंही काही अंशी बरोबर आहेत. फक्त चारही दाढांना मिळून एकच निकाल दिला, तिथे गाडं अडलं. मी सव्वीस वर्षं दादरला जबड्याच्या शस्त्रक्रिया करते आणि माझ्या दिवसातला मोठा भाग अक्कलदाढांतच जातो. माझ्या खुर्चीत बसून लोक विचारतात, 'डॉक्टर, अक्कलदाढ काढलेली बरी की ठेवलेली?' मी विचारते, कुठली? तुमच्या ओपीजीच्या रिपोर्टवर 18, 28, 38, 48 असे आकडे असतील. वरची उजवी 18, वरची डावी 28, खालची डावी 38, खालची उजवी 48. हे आकडे एकदा पाठ करा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच चालणार आहे.

एक गोष्ट मात्र चौघींना लागू आहे. 'दुखत नाही' आणि 'निरोगी आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत जाईस्तोवर बहुधा दुखत नाही. हिरडीखालचं हाड झिजतं तेव्हाही सहसा दुखत नाही. उलट, नुकती वर येणारी निरोगी दाढ दोन दिवस ठणकून गप्प बसू शकते. त्यामुळे दुखण्यावरून निर्णय घेतला तर तो बऱ्याचदा उशिरा तरी होतो नाहीतर उगाच तरी. मी तीन गोष्टी बघते. दाढेचा तोंडाशी संबंध आहे का? असेल तर तिथे ब्रश पोचतो का? आणि आजूबाजूला, विशेषतः तिच्या पुढच्या दाढेला, काही इजा सुरू झाली आहे का?

या तीन प्रश्नांवर सगळ्यात वाईट गुण पडतात ते अर्धवट आलेल्या दाढेला. पूर्ण उगवलेली दाढ घासता येते. पूर्ण हाडात बुडालेली दाढ जंतूंच्या हाती लागत नाही. अर्धवट दाढ मात्र दार किलकिलं ठेवून बसते. जंतू आत जातात, ब्रश जात नाही.

तुमची 38 तशीच आहे. तिच्या डोक्यावर हिरडीचा एक पदर अजून पांघरलेला आहे. त्याच्याखाली पावाचा लगदा, भाताचं शीत, बिस्किटाची भुकटी जाऊन बसते. तिथे हवा कमी, ओल कायम. अशा जागी वाढणारे जंतू मजेत राहतात. अंगातली ताकद जरा उतरली, जागरण झालं, सर्दी-ताप झाला की पदर सुजतो. सुजला की उंच होतो, उंच झाला की वरची 28 त्याच्यावर चावते, आणि चावली की आणखी सुजतो. तुमचं तोंड उघडत नव्हतं, कारण चावण्याचे स्नायू तिथून हाकेच्या अंतरावर आहेत आणि सूज त्यांच्यापर्यंत पोचली होती.

गोळ्यांनी जंतू कमी होतात, पदर जागच्या जागी राहतो, म्हणून दोन-चार महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न. शिवाय माझा अनुभव असा की तिसऱ्या वेळेला लोक डॉक्टरांकडे न जाता केमिस्टला जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या आणतात. ते करू नका. साधी सूज असेल, ताप नसेल, तोंड उघडत असेल, तर पदराखाली सिरिंजनं सलाइन मारून जागा नीट धुतली तरी पुष्कळांचं भागतं आणि प्रतिजैविकाची गरजच पडत नाही. ताप, तोंड न उघडणं, गळ्याला गाठ अशी लक्षणं असतील तेव्हा गोळ्या लागतात. त्यात मेट्रोनिडाझोल असेल, तर तो कोर्स चालू असताना दारू अजिबात नको. उलट्यांनी हैराण होतात लोक.

'नुसता पदर कापून देता का?' असं पुष्कळ जण विचारतात. दाढ सरळ असेल, तिला वर यायला जागा असेल, तर देते. तुमची दाढ पुढे झुकलेली आहे. तिथे कापलेला पदर पुन्हा वाढतो आणि दोनदा छळ होतो.

ब्रिटनमध्ये सरकारी उपचारांचे नियम ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं मार्च 2000 मध्ये अक्कलदाढांबद्दल एक मार्गदर्शक सूचना काढली. निरोगी अक्कलदाढा उगाच काढणं थांबवा, हा तिचा गाभा. काढण्याच्या बाबतीत ही जगातली सगळ्यात हात आखडती सूचना म्हणावी लागेल. पण तीसुद्धा म्हणते की अशी सूज पहिल्यांदा आली आणि फार तीव्र नसेल तर थांबा. दुसऱ्यांदा आली तर काढायला ते सबळ कारण आहे. तुमची तीनदा आली. त्यामुळे 38 बद्दल मला तरी वाद दिसत नाही. ती काढा.

त्या सूचनेची पुढची गोष्टही तुम्हाला कळायला हवी, कारण तुमचे दुसरे डॉक्टर त्याच वळणानं बोलताहेत. ब्रिटनमध्ये नंतरच्या वर्षांत अक्कलदाढा काढायला येणाऱ्यांचं सरासरी वय वाढलं, आणि येणारे अनेक जण एक नवीच तक्रार घेऊन आले: अक्कलदाढ नव्हे, तिच्या पुढची चांगली दाढ किडलेली. झुकलेली अक्कलदाढ पुढच्या दाढेच्या पाठीला डोकं टेकवून बसते. त्या बेचक्यात अन्न अडकतं, आणि कीड लागते ती बिनकामाच्या दाढेला न लागता आयुष्यभर चावायला लागणाऱ्या दाढेला. माझ्याकडे बावन्न वर्षांच्या एक शिक्षिका आल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी त्यांना 'दुखेल तेव्हा बघू' असं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते इमानदारीनं पाळलं. दुखलं तेव्हा पुढच्या दाढेच्या मुळाशी कीड हाडाखाली गेली होती. दोन्ही दाढा काढाव्या लागल्या. म्हणून 38 काढणाऱ्याला आवर्जून सांगा, 37 ची मागची बाजू नीट बघा, आता कीड असेल तर नंतर लगेच भरून घ्यायची आहे. हा 37 म्हणजे तुमचं वय नव्हे, अक्कलदाढेच्या पुढची दाढ.

आता 48, हाडात आडवी झोपलेली. पहिल्या डॉक्टरांशी माझं जुळत नाही ते इथे.

आधी एक खात्री करून घ्यायची. ओपीजीवर दाढ पूर्ण हाडात दिसली तरी कधीकधी तिच्यापर्यंत एक बारीक वाट उघडी असते. 47 च्या, म्हणजे तिच्या पुढच्या दाढेच्या, मागे खुणांची बारीक सळई, म्हणजे प्रोब, हलकेच सरकवायचा. तो खोल गेला आणि टोकाला कडक काहीतरी लागलं, तर ती दाढ बंद नाही. 38 चीच धाकटी बहीण समजा. प्रोब वर अडला, हिरडी घट्ट आहे, रक्त नाही, तर ती खरोखर बंद आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि नुसत्या ओपीजीवरून 'काढा' म्हणणारे ती बहुतेक वेळा करत नाहीत.

बंद असेल तर 37 व्या वर्षी मी ती काढणार नाही. कारणं दोन. एक, वय. विशीच्या आत-बाहेर दाढेची मुळं अपुरी असतात, हाड थोडं लवचीक असतं, जखम झपाट्यानं भरते. पंचविशीनंतर मुळं पूर्ण होतात, हाड कडक होतं, दाढ सुटायला वेळ लागतो आणि काढल्यावर पुढच्या दाढेच्या मागे हाडाचा खड्डा राहायची शक्यता वाढते. म्हणजे 47 वाचवायला म्हणून 48 काढायची आणि 47 च्याच पाठीचं हाड घालवायचं, असा उफराटा व्यवहार होऊ शकतो.

दोन, नस. खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो आणि त्यातून खालच्या ओठाची, हनुवटीची आणि त्या बाजूच्या दातांची संवेदना वाहणारी नस जाते. अक्कलदाढेची मुळं या बोगद्याच्या किती जवळ आहेत हा सगळा खेळ. गिरगावात जुन्या चाळींखालून मेट्रो-3 चा बोगदा न्यायचा ठरला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता ना, की पाया किती खोल आणि बोगदा किती वर? इथेही तेच मोजायचं. ओपीजीवर काही खुणा शोधतात: मुळावरून बोगदा जातो तिथे मूळ अचानक काळपट दिसणं, बोगद्याची पांढरी किनार तुटणं, बोगदा मुळापाशी वळसा घेणं किंवा अरुंद होणं. यातलं काही दिसलं तर सीबीसीटी, म्हणजे तीन बाजूंनी दाखवणारा स्कॅन, काढून घेणं योग्य. काही दिसलं नाही तर सीबीसीटीची गरज नसते. सरसकट सगळ्यांना तो काढायला लावणं मला पटत नाही.

दाढ काढताना ही नस दुखावली तर ओठ बधिर होतो, मुंग्या येतात. शंभरातल्या काही जणांना हे तात्पुरतं होतं आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरं होतं. कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. मात्र मुळं बोगद्याला चिकटलेली असतील तर हा हिशेब बदलतो. जिभेची नसही खालच्या अक्कलदाढेच्या आतल्या बाजूनं जाते. ती दुखावली तर जीभ बधिर होते, चवही बिघडते.

आकडे वाचून माणूस 'एक टक्का ना, चालेल' म्हणतो. मीही म्हणत असे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ आले होते, चाळिशीचे. एका बाजूची दाढ सुजलेली, दुसऱ्या बाजूची तुमच्या 48 सारखी खोल, बंद, बिनतक्रार. मीच म्हटलं, एवीतेवी सुट्टी घेताच आहात, दोन्ही काढून टाकू. सुजलेली दहा मिनिटांत निघाली. खोल दाढेनं तासभर घेतला. दुसऱ्या दिवशी फोन आला, ओठ जागा होत नाही. आठवड्याभरानं ते आले तेव्हा हनुवटीवर दाढी करताना झालेल्या दोन जखमा होत्या, त्यांना कळल्याच नव्हत्या. वर्गात शिकवता शिकवता चहा घेतला की ओघळ शर्टावर पडायचा आणि मुलं हसली की मग समजायचं. नऊ महिन्यांनी बरीचशी संवेदना परत आली. रुपयाएवढा एक ठिपका अजून बधिर आहे. ते चांगले गृहस्थ, मला कधी वावगं बोलले नाहीत. पण ती दाढ त्यांनी मागितली नव्हती, ती मी देऊ केली होती. तेव्हापासून 'एवीतेवी' हा शब्द मी शस्त्रक्रियेच्या बाबतीत वापरत नाही.

विज्ञानाकडून इथे फार मोठा आधार मिळत नाही, हेही सांगायला हवं. निरोगी, बिनतक्रार गाडलेल्या अक्कलदाढा काढाव्यात की ठेवाव्यात यावर कोक्रेन या, जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2020 चा आढावा आहे. त्यांच्या निकषांत बसणारे अभ्यास निघाले फक्त दोन. निष्कर्ष: काढाव्यात असं म्हणायलाही पुरेसा पुरावा नाही आणि ठेवाव्यात असं म्हणायलाही नाही, रुग्णाला सगळं समजावून मिळून ठरवा, आणि ठेवली तर नियमित तपासा. 'पुढचे दात वेडेवाकडे होतील' म्हणून अक्कलदाढ काढायला सांगतात, त्यालाही भक्कम आधार नाही. पुढचे खालचे दात वयानुसार दाटतात, अक्कलदाढ असो वा नसो.

ठेवायची म्हणजे विसरायची नाही. आपल्याकडे 'बघू' हा शब्द मेला तिथे फसवतो. 48 साठी बघायचं म्हणजे वर्षातून एकदा प्रोबनं तपासणी, आणि साधारण दोन-तीन वर्षांनी ओपीजी. त्यात दाढेच्या डोक्याभोवतीची काळी पोकळी रुंदावते आहे का, हे मी बघते. साधारण तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेली तर पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, धरली असण्याचा संशय येतो. तसं क्वचितच होतं, पण झालं तर महिनोन्‌महिने न दुखता वाढतं. 47 चं मूळ झिजतंय का, हेही त्याच एक्स-रेत दिसतं. आणखी काही प्रसंगी निर्णय पुन्हा उघडायचा: हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती हाडं राखणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू करायच्या असतील, किंवा जबड्यावर रेडिएशन घ्यायचं असेल, तर त्याआधी. कारण त्यानंतर दाढ काढली तर हाडाची जखम भरताना अडचण येऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर हाडांच्या औषधाचा विषय निघाला तर त्या डॉक्टरांना 'माझी एक दाढ हाडात आहे' एवढं आठवणीनं सांगा.

आणि कधी 48 काढावीच लागली आणि मुळं नसेला टेकलेली निघाली, तर एक मधला मार्ग आहे. दाढेचं फक्त डोकं कापून काढायचं आणि मुळं हाडातच ठेवायची. त्याला कोरोनेक्टमी म्हणतात. मुळं नंतर थोडी वर सरकू शकतात, पण सरकतात ती नसेपासून दूर, त्यामुळे तेव्हा काढणं सोपं जातं. मुळापर्यंत कीड गेलेली असेल किंवा दाढ हलत असेल तर हे करता येत नाही.

वरच्या दोघींचं लवकर आटपतं. 28 मी 38 सोबतच काढेन. एक तर तीच पदरावर चावून सूज वाढवते. दुसरं, 38 गेली की खाली जोडीदार नाही, म्हणून ती हळूहळू खाली उतरते आणि गालाला टोचायला लागते. सरळ वरची दाढ बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत निघते. तिच्या मुळांच्या वर गालाच्या हाडातली पोकळी, सायनस, असते. तिथे भोक पडलं तर नाकातून हवा येते. म्हणून वरची दाढ काढल्यावर काही दिवस नाक जोरानं शिंकरायचं नाही. 18 ला आजही खाली जोडीदार नाहीच. ती स्वच्छ असेल, ब्रश पोचत असेल, गालाला लागत नसेल, तर राहू द्या.

चारही एकदम, पूर्ण भूल, हे तुम्हाला नको असं मला वाटतं. दोन्ही बाजू एकदम दुखल्या तर चावायचं कशानं? एक बाजू, खालची आणि वरची, जागेवर भूल देऊन, अर्ध्या-पाऊण तासात होते. इंजेक्शन टोचतं तेवढंच दुखतं. त्यानंतर दाब कळतो, करकर आवाज येतो, जबडा दाबल्यासारखा वाटतो, पण कळ नको. कळ आली तर हात वर करा, आणखी भूल देतात. झुकलेली दाढ अखंड ओढत नाहीत. थोडं हाड उघडून दाढेचे दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक काढतात. 'माझी दाढ तुटली, डॉक्टरला जमलं नाही' असं बाहेर येऊन सांगणारे असतात. ती मुद्दामच तोडलेली असते. पूर्ण भूल मी राखून ठेवते ती खुर्चीत बसताच येत नाही इतकी भीती असणाऱ्यांसाठी, किंवा फार खोल, अवघड दाढांसाठी. आणि विम्याच्या भरवशावर असाल तर आधी पॉलिसी वाचा; बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडून दातांचे उपचार वगळलेले असतात.

जाण्याआधी चार गोष्टी. सूज असताना दाढ काढत नाहीत, भूल नीट चढत नाही. आधी शांत करून मग. साखर असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीए1सी, सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन तर बहुतेक वेळा चालूच ठेवतो. आणि हे खास आपल्या पावसाळ्यासाठी: मागच्या तीन-चार आठवड्यांत डेंग्यू होऊन गेला असेल तर सांगा आणि प्लेटलेट तपासून मगच या. घरात कोणाला गुटखा, सुपारीची सवय असेल तर त्यांच्यासाठी एक साधी चाचणी: स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का? महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत आजही असे लोक येतात ज्यांना वाटतं अक्कलदाढेमुळे तोंड उघडत नाही, आणि बघावं तर गालाची आतली कातडी दोरखंडासारखी कडक झालेली. तो आजार वेगळा, उपचार वेगळे. तसंच दाढेच्या टोकानं गालाला पडलेली जखम टोक घासून किंवा दाढ काढूनही दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिचा तुकडा तपासायला पाठवायचाच.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. म्हणून माझे नोकरदार पेशंट गुरुवारी किंवा शुक्रवारी येतात आणि सोमवारी किंवा मंगळवारी कामाला लागतात. बोरिवलीहून चर्चगेटला सकाळच्या गर्दीत गालावर कोपर बसायची खात्रीच असते, तेव्हा शक्य असेल तर दोन दिवस जास्त घ्या. गणपतीला कोकणात जायचं असेल तर त्याच्या आदल्या आठवड्यात काढू नका. आठव्या दिवशी टाके काढायला यायचं असतं आणि काही बिघडलं तर डॉक्टर हाताशी हवा.

पहिला दिवस बाहेरून बर्फ, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, ओढून काही प्यायचं नाही. शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतून घ्या, स्ट्रॉनं नको. ओढलं की खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निसटते. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मीठ-पाण्याच्या हलक्या गुळण्या. खाण्यात पेज, मऊ वरण-भात, दही-भात, थंड दूध. भेळ आणि चुरमुरे दोन आठवडे विसरा. चुरमुऱ्याचा दाणा खड्ड्यात बसला की काढता काढता नाकी नऊ येतात. सिगारेट तर नकोच. वेदनेसाठी, पित्ताचा, किडनीचा किंवा दम्याचा त्रास नसेल तर, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून चांगलं काम करतात. भूल उतरायच्या आधीच पहिला डोस घ्या.

दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते उलट वाढलं, कानाकडे कळ जायला लागली, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निसटून हाड उघडं पडलं आहे, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत ते इतर दातांपेक्षा बरंच जास्त होतं. घाबरायचं कारण नाही, पण घरी सोसत बसू नका. जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की तासाभरात आराम पडतो. गंमत म्हणजे त्या औषधात मुख्यतः लवंगेच्या तेलातलंच द्रव्य असतं. पण म्हणून घरचं लवंग तेल बोळ्यावर घालून उघड्या जखमेवर दाबू नका, हिरडी भाजते.

एक लक्षण मात्र दाढ काढण्याआधी असो वा नंतर, वाट बघण्यासारखं नाही. सूज जबड्याखाली, मानेकडे उतरली, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज घोगरा झाला, श्वास अडतोय, तर दातांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेत बसू नका. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

कुठे करायचं? खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे आणि फी नाममात्र. सकाळी लवकर रांग लावावी लागते, दोन-तीन फेऱ्या होतात. पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि वर शिक्षक असतात. अक्कलदाढा त्यांच्या हाताखालून इतक्या जातात की बिचकायचं कारण नाही. तुम्ही फोर्टातच जाता-येता, तेव्हा दुसरं ठिकाण जवळच आहे. खासगीत करायचं तर एवढंच विचारा: खोल गेलं तर दाढ कोण काढणार, तुम्ही की बाहेरून येणारे सर्जन? ते सर्जन टाके काढायला आणि काही बिघडलं तर भेटतील का? 38 ची मुळं नसेपासून किती लांब आहेत, ओपीजीवर मला दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून बोटानं दाखवतो, त्याच्याकडे करा.

मूल होऊ द्यायचा विचार असेल तर 38 त्याआधी आटपून घ्या. गरोदरपणात सूज आली तर औषधांवरही मर्यादा येतात. आणि आत्ताचा ओपीजी जपून ठेवा, 48 साठी. मोबाइलवर काढलेला फोटो उपयोगाचा नाही; एक्स-रे सेंटरकडून मूळ फाइल ईमेलवर मागवून घ्या आणि तिच्या नावात तारीख घाला. दोन वर्षांनी नवा ओपीजी निघेल तेव्हा मी किंवा दुसरं कोणीही सगळ्यात आधी हाच मागणार आहोत.